जनुके जंतूची, बदनामी मुलीची

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतील एका मुलीची सोयरीक ठरली होती. मुलगी बारावी झालेली, एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला. वडील नाहीत. आई चार घरची धुणीभांडी करते. देणेघेणे नाही, साध्या पद्धतीने लग्न करायचे, असे दोन्हीकडून ठरले होते, आणि बोलणीला आम्हीही बसलो होतो. मध्येच मुलीला खोकला लागला. आधी खोकल्याचे औषध झाले, मग एक्स-रे झाला, बेडका तपासला आणि टीबी निघाला. यात घाबरण्यासारखे काही नाही, सहा महिन्यांत मुलगी ठणठणीत होईल, असे आम्हीच मुलाकडच्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकलेही.

पण चार महिने गोळ्या घेऊनही वजन वाढेना, संध्याकाळचा ताप जाईना. बेडक्यात जंतू दिसतच होते. गोळ्या देणाऱ्या केंद्रावरच्या माणसाने आईला तोंडावर सांगितले, "गोळ्या चुकवल्या असणार. तुम्ही लोक दोन महिने घेता, बरे वाटले की टाकून देता." त्या माउलीने काही उत्तर दिले नाही. घरी जाऊन बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन ती परत गेली. पहिल्या दिवसापासूनच्या गोळ्यांच्या सगळ्या रिकाम्या पट्ट्या त्यात तारखेवार दोऱ्याने बांधून ठेवलेल्या होत्या. त्या माणसाने डब्यात पाहिले आणि मग मोठ्या यंत्रावरची तपासणी लिहून दिली. दोन दिवसांत कागद आला. जंतूवर रिफाम्पिसिन हे औषध चालत नाही, असे त्यात निघाले.

त्या तपासणीच्या नावात ‘जीन’ हा शब्द होता. तेवढा शब्द मुलाच्या वडिलांच्या कानावर गेला आणि ते आमच्याकडे आले. जयभीम झाला, पाणी झाले. मग म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा. मुलीच्या जीनमध्येच रोग निघाला म्हणतात. म्हणजे हा रोग रक्तात आहे. उद्या पोराबाळांत उतरेल. साधा टीबी असता तर आम्ही थांबलो असतो."

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आयुष्य खतावण्या आणि व्हाउचरांत गेलेले. जीन मुलीची नव्हे, जंतूची तपासली आहे एवढे आम्हाला माहीत होते आणि तेवढे आम्ही सांगितले. पण "जंतूला कुठली आली जीन?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आमची जीभ अडखळली. त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले, दोन ओळखीच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून हैराण केले. त्यातून जे समजले ते वाचक बंधुभगिनींसमोर ठेवतो आहोत, कारण असा कागद आज ना उद्या आपल्यापैकी कुणाच्याही घरी येऊ शकतो.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ते जाहीर केले. त्याआधी हा रोग घराण्यात असतो, रक्तातून उतरतो असेच युरोपातही बहुतेकांना वाटत असे. म्हणजे आमच्या त्या पाहुण्यांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही. एका खोलीत आई, मुलगा, सून एकामागून एक आजारी पडलेले दिसले की माणसाला रक्ताचाच संशय येतो. खरे पाहता त्यांच्यात रक्ताइतकीच सामायिक असते ती खोलीतली हवा. सून तर दुसऱ्या घरातून आलेली असते, तिचे रक्त कुठे एक असते? पण हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता जंतूची जीन म्हणजे काय ते पाहू. जीन म्हणजे जनुक. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक फार लांब धागा असतो आणि त्यावर चारच अक्षरांत त्या जीवाचा सारा कारभार लिहिलेला असतो. शरीर कसे बांधायचे, काय खायचे, कशापासून बचाव करायचा, सगळे त्यात. या लिखाणातला एकेका कामाचा मजकूर म्हणजे एकेक जनुक. क्षयाच्या जंतूचे हे लिखाण सुमारे ४४ लाख अक्षरांचे आहे. १९९८ मध्ये ते पहिल्यांदा संपूर्ण वाचून प्रसिद्ध करण्यात आले. जंतू एकाचे दोन होतो तेव्हा या सगळ्या लिखाणाची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच.

हे आम्हाला लगेच पटले, कारण आम्ही नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कार्यालयात जुनी रजिस्टरे हाताने उतरवून काढावी लागत. एका कारकुनाने ‘गायकवाड’चे ‘गायवाड’ केले की पुढचा कारकून ‘गायवाड’च उतरवी, आणि वर स्वतःची एक नवी चूक घाली. पुढे कधी चौकशी निघाली की आमचे हेडक्लार्क चुकांवरूनच बरोबर सांगत, ही वही त्या वहीवरून उतरवलेली आहे आणि ती तिसरी तिच्यावरून. दोन वह्यांत तीच चूक त्याच जागी असेल तर त्या एकाच घरच्या. चुका जुळत नसतील तर त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

शास्त्रज्ञ जंतूंच्या बाबतीत नेमके हेच करतात. दोन रुग्णांच्या बेडक्यातून जंतू वाढवायचे आणि त्यांच्या लिखाणातल्या खुणा शेजारी शेजारी ठेवायच्या. खुणा तंतोतंत जुळल्या तर एकाचा जंतू दुसऱ्याकडे गेला, किंवा दोघांनाही तो जवळच्याच कुणा तिसऱ्याकडून आला, असे धरून तपास करता येतो. खुणा वेगळ्या असतील तर दोघे एकाच खोलीत राहत असले तरी त्यांचे आजार वेगवेगळ्या ठिकाणचे. माणसाच्या अंगठ्याचा ठसा घेतात तसाच हा जंतूचा ठसा.

सुरुवातीला सगळे लिखाण वाचण्याची सोय नव्हती. क्षयाच्या जंतूत ‘आयएस ६११०’ नावाचा एक तुकडा असतो. हा तुकडा एका जागी राहत नाही, उड्या मारतो, आणि वेगवेगळ्या जंतूंत वेगवेगळ्या जागी कमीजास्त वेळा सापडतो. डीएनएचे ठराविक जागी तुकडे पाडले की ज्या तुकड्यांत तो बसलेला असेल त्यांच्या आडव्या पट्ट्या उमटवता येतात, साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघा असतात तशा. १९९३ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी ही पद्धत एकसारखी ठरवून घेतली. गंमत अशी, की ती आपल्याकडे आणली तेव्हा पंचाईत झाली. दक्षिण भारतातल्या पुष्कळ जंतूंत हा तुकडा एकदाच असतो किंवा मुळीच नसतो. मग ठसा घ्यायचा कशाचा? दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा आपल्या अंगाला बसला नाही. १९९७ मध्ये ४३ खुणा तपासण्याची दुसरी पद्धत आली, तिने ही अडचण बरीच दूर केली. आता तर सबंध ४४ लाख अक्षरेच वाचतात. सरासरी दोन वर्षांत एखादे अक्षर बदलते, एवढ्या सावकाश हा जंतू चुका करतो. म्हणून दोघांच्या जंतूंत दोन-चार अक्षरांचाच फरक निघाला, तर संसर्ग अलीकडचा आहे असे ओळखता येते.

या ठशांनी काय काय उजेडात आणले हे वाचताना आम्ही थक्क झालो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९१ आणि १९९२ या दोन वर्षांतल्या ४७३ रुग्णांच्या जंतूंचे ठसे घेतले. त्यांतले १९१ कुणा ना कुणाशी जुळले. क्षय हा बहुतांशी जुन्या काळी छातीत शिरून झोपलेला जंतू म्हातारपणी जागा झाल्याने होतो, अशी तिकडे समजूत होती. प्रत्यक्षात शहरातले जवळजवळ एकतृतीयांश रुग्ण नव्याने, नुकतेच कुणाकडून तरी जंतू घेऊन आजारी पडलेले निघाले.

न्यूयॉर्कचा प्रकार याहून भयंकर. तेथे १९९० ते १९९३ या काळात अनेक औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे ३५७ रुग्ण नोंदले गेले. त्यांतल्या २६७ जणांच्या जंतूंचा ठसा एकच किंवा जवळजवळ एकच होता. त्या जंतूला ‘डब्ल्यू’ हे नाव पडले. रुग्ण वेगवेगळ्या इस्पितळांतले होते, बहुतेकांना एचआयव्हीची बाधा होती, आणि माग काढता काढता असे दिसून आले की कित्येकांना हा जंतू इस्पितळाच्या वॉर्डातच मिळाला होता. ते एका आजारासाठी भरती झाले आणि दुसरा घेऊन बाहेर पडले. ठसे नसते तर प्रत्येकाच्या केसपेपरवर ‘औषधे नीट घेतली नाहीत’ एवढेच लिहून कागद फाइलला लागला असता.

तिसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचे. तेथील गरीब वस्त्यांत क्षय फार. पूर्ण औषध घेऊन बरे झालेले काही रुग्ण पुन्हा आजारी पडले. अशा १६ जणांचा आधीचा जंतू आणि नंतरचा जंतू यांचे ठसे जुळवून पाहिले. १९९९ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. १६ पैकी १२ जणांचा दुसरा जंतू वेगळाच होता. म्हणजे पहिला रोग खरोखर बरा झाला होता, त्यांनी औषध नीटच घेतले होते. पण ज्या वस्तीत ते परत गेले तेथल्या हवेत दुसरा जंतू वाट पाहत होता. ‘हिला पुन्हा टीबी झाला, म्हणजे हिने गोळ्या टाकल्या’ असे आपल्याकडे किती सहज म्हणतात! येथून पुढे असे म्हणणाऱ्याला आम्ही केपटाऊनच्या या १२ जणांची आठवण करून देणार आहोत.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. औषधाला दाद न देणारा जंतू मुळात तयार कसा होतो? छातीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांतल्या एखाद्याच्या लिखाणात योगायोगाने अशी चूक होते की औषध त्याला लागू पडत नाही. चार औषधे बरोबर, पुरेशा मात्रेत आणि पूर्ण काळ दिली तर एकातून सुटलेला दुसऱ्याने मरतो. औषध अपुरे पडले, चुकीचे दिले गेले, किंवा मध्येच थांबले, तर बाकीचे मरतात आणि तो एकटा उरून पसरतो. औषध रुग्ण थांबवतो हे खरे आहे, नाकारण्यात अर्थ नाही. हातावर पोट असणाऱ्याला बरे वाटले की कामावर जावे लागते. परंतु दुसरी बाजूही पाहा. १९९१ मध्ये मुंबईतल्या एका झोपडपट्टीतील १०० खाजगी डॉक्टरांना क्षयाचे औषध लिहायला सांगितले, तर त्यांनी ८० वेगवेगळ्या प्रकारे लिहिले. सुमारे वीस वर्षांनी धारावीत तसाच अभ्यास झाला. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकार लिहिले, आणि बरोबर लिहिणारे निघाले अवघे सहा. ही माहिती २०१० मध्ये छापून आलेली आहे. तेव्हा गोळ्या ‘चुकवल्या’ कुणी, हा प्रश्न दोन्हीकडे विचारला पाहिजे.

आणि या सगळ्याच्या पुढे ठशांनी दाखवलेली गोष्ट आहे. क्षयाच्या जंतूंची मोठमोठी घराणी आहेत. एक हिंदी महासागराच्या काठच्या देशांत आणि आपल्या दक्षिणेत जास्त, एक उत्तर भारतात आणि मध्य आशियाकडे जास्त, तर एकाला ‘बीजिंग’ म्हणतात. (घराण्याला गावाचे नाव पडले म्हणून त्या गावाला दोष देऊ नये. जंतूला पासपोर्ट लागत नाही.) मुंबईत देशभरातून माणसे पोटासाठी येतात, म्हणून येथे सगळीच घराणी सापडतात. २००५ मध्ये मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातील अभ्यासात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये ‘बीजिंग’चे प्रमाण मोठे असल्याचे नोंदले गेले. २०२२ मध्ये मुंबई महानगर भागातल्या जंतूंची अक्षर न अक्षर वाचून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही असे जंतू पुष्कळ अंशी त्याच घराण्यातल्या मोजक्या शाखांतून पसरत असल्याचे आढळले. याचा साध्या भाषेत अर्थ असा, की पुष्कळ रुग्णांच्या शरीरात औषध चुकवून चुकवून जंतू बिघडलेला नसतो. आधीच बिघडलेला तयार जंतू त्यांच्या श्वासातून आत गेलेला असतो. पहिली गोळी तोंडात टाकण्याच्या आधीच ती गोळी निकामी झालेली असते.

आमच्या वस्तीतल्या त्या मुलीचे नेमके हेच झाले असावे. कुणाकडून, कारखान्यात की लोकलच्या डब्यात, ते मात्र आम्हाला कळले नाही. प्रत्येक रुग्णाच्या जंतूचा असा माग काढण्याची रीत आपल्याकडे अजून नाही. पण पूर्ण ठसा घेतला जात नसला तरी त्याच विद्येतून निघालेले एक उपयोगाचे साधन आज आपल्यापर्यंत पोहोचले आहे, आणि त्याची माहिती प्रत्येक घरात हवी.

हे साधन म्हणजे ‘सीबीनॅट’ नावाची तपासणी. हिच्याच यंत्राला जीनएक्सपर्ट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये तिला मान्यता दिली. बेडक्यात एक द्रव मिसळून तो एका छोट्या डबीत घालतात आणि डबी यंत्रात ठेवतात. करोनाच्या वेळी आरटीपीसीआर हे नाव आपण सर्वांनी ऐकले, त्याच जातीची ही किमया. जंतूच्या लिखाणातला एक तुकडा यंत्र लाखो पटींनी वाढवते आणि वाचते. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्के जंतूंत चूक एकाच ८१ अक्षरांच्या जागेत असते. यंत्र तेवढी जागा तपासते. जंतू आहे की नाही आणि त्याच्यावर रिफाम्पिसिन चालेल की नाही, ही दोन्ही उत्तरे सुमारे दोन तासांत मिळतात. हेच जंतू वाढवून पाहायचे तर आठवडेच्या आठवडे जातात. दुर्बिणीखाली नुसता जंतू दिसतो, तो कोणत्या औषधाने मरेल हे दिसत नाही. ‘ट्रूनॅट’ हे असेच दुसरे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीने तयार केले आहे. ते बॅटरीवर चालते, म्हणून लहान गावातही नेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्यालाही मान्यता दिली.

सरकारी क्षयरोग केंद्रात ही तपासणी मोफत होते. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरते, तर नुसत्या एक्स-रेवर किंवा काचेवरच्या तपासणीवर थांबू नये. गोळ्या सुरू होण्याआधीच "सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करून द्या" असे स्पष्ट मागावे. मागायला लाजू नये, हा काही कुणाचा उपकार नाही. बेडका सकाळचा, छातीतून खाकरून काढलेला द्यावा, नुसती थुंकी चालत नाही. रिफाम्पिसिन चालते असे निघाले तरी आयसोनिआझिड या दुसऱ्या मुख्य औषधासाठी पुढची तपासणी करावी लागते, तीही झाली का ते विचारावे. आणखी एक. ही यंत्रे मेलेल्या जंतूचे लिखाणही वाचतात. म्हणून बरा झालेला रुग्ण पुन्हा तपासला तर कधी कधी कागदावर ‘जंतू सापडला’ असेच येते. तेवढ्यावरून कुणी घाबरू नये, रोग गेला की नाही हे ठरवायला दुसऱ्या तपासण्या आहेत. औषध चालू असेपर्यंत सरकार पोषणासाठी रुग्णाच्या बँक खात्यात पैसे भरते. २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. खाते आधारला जोडलेले नसेल तर रक्कम अडकते, एवढे कारकुनी ज्ञान आमच्याकडून घ्यावे.

आमच्या त्या मुलीला नऊ महिन्यांच्या, फक्त गोळ्यांच्या नव्या उपचारावर ठेवले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने याहून कमी, सहा महिन्यांच्या उपचारालाही मान्यता दिली आहे. पण तेव्हा नऊ महिने होते. पहिले दोन महिने फार जड गेले. मळमळ, पायात मुंग्या, आणि वस्तीतल्या बायकांचे कुजबुजणे. आईने नव्या गोळ्यांच्या पट्ट्याही त्याच डब्यात बांधून ठेवल्या. सहाव्या महिन्यात मुलीचे वजन पाच किलोने वाढले. शेवटच्या तपासणीत जंतू निघाला नाही.

वर सांगितलेले सगळे, रजिस्टराच्या उदाहरणासकट, आम्ही मुलाच्या वडिलांना त्यांच्या घरी जाऊन समजावले. त्यांनी नीट ऐकून घेतले. जीन जंतूची असते हेही त्यांना पटले. "पण आता दुसरीकडे शब्द गेला आहे, भाऊ," असे ते म्हणाले आणि चहा पुढे केला. सोयरीक मोडली ती मोडलीच. मुलगी पुन्हा कामावर जाते. परवा तिच्या आईकडे गेलो होतो, तेव्हा तो डबा फडताळावर तसाच होता. आता कशाला ठेवला आहे, असे विचारले, तर म्हणाली, "राहू द्या भाऊ. कुणी विचारायला आले तर दाखवता येईल."